लाखेचे दोन हात

शॉनाने दाराच्या चौकटीवर पेन टेकवलं आणि म्हणाली, "हे सगळं पांढरं करून टाका." ते ऐकून नोलीनला आनंद झाला. सगळी पंचाईत इथून सुरू झाली. नवऱ्याच्या, ॲथलच्या, नजरेतलं मधलं सगळं गेलेलं, कपाळावर सात टाके पडून गेलेले, डावं मनगट अजून पट्टीत, आणि हिला आनंद. तोही साधासुधा नाही. पोटातून वर आला, कानापर्यंत गेला आणि तिथं गरम होऊन बसला. बहात्तर वर्षांच्या बाईला लाजेने कान गरम झाल्याची सवय राहिलेली नसते. किटली भरायचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात वळली आणि किटली भरलेलीच होती तरी नळ सोडून उभी राहिली. शॉना दृष्टिसेवेकडून, म्हणजे नजर गेलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेकडून आली होती, घराची पाहणी करायला. हातात मोजपट्टी, गळ्यात ओळखपत्र, स्वभावाने गोड पोरगी. तिने आधी नोलीनला एक चष्मा घालायला दिला होता. त्याच्या काचांवर मधोमध काळे गोल चिकटवलेले. "ॲथलला असं दिसतं," ती म्हणाली, "आता घरातल्या या बोळातून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवा बघू." नोलीन निघाली. समोर काहीच नव्हतं. कडेने थोडी भिंत, थोडी फरशी, सगळी तपकिरी. भिंत कुठं संपली आणि दार कुठं सुरू झालं ते कळेना. त्रेचाळीस वर्षं ज्या बोळातून ती कपड्यांची टोपली घेऊन, पोर काखेला मारून, अंधारात, तापात चालली होती, त्या बोळात तिचा खांदा धाडकन चौकटीवर आपटला.

"कळलं ना?" शॉना म्हणाली. "चौकटी आणि भिंतीच्या पायथ्याच्या फळ्या पांढऱ्या झाल्या की त्यांना कडेच्या नजरेने दार दिसेल. बाकी काही नको."

"दारंसुद्धा पांढरी करू?" नोलीनने विचारलं. फार लगेच विचारलं.

"नको नको, दारं तशीच राहू देत. फरक दिसायला हवा." मग शॉनाने आवाज उतरवला. "मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, मी मेल्यावर काय रंगवायचं ते रंगवा. पण नोलीन, तुमच्याशी खोटं बोलत नाही. आणखी एकदा असे आपटले, तर डॉक्टर त्यांना या घरात राहू देणार नाहीत. सोय बघावी लागेल."

सोय म्हणजे काय ते त्यांच्या गावात, लॉन्सेस्टनमध्ये, सगळ्यांना ठाऊक आहे. नदीपलीकडची ती बसकी विटांची इमारत, सारख्या खुर्च्या, दुपारी साडेचारला जेवण. नोलीनची बहीण तिथं दोन वर्षं होती. ॲथल तिथं दोन महिने टिकला नसता. म्हणजे कारण खरं होतं, चांगलं खणखणीत कारण होतं. कुणालाही सांगावं असं. शॉना गेल्यावर नोलीन कितीतरी वेळ त्या कारणाला धरून बसली. नवऱ्यासाठी करतेय. नवऱ्याला घरी ठेवायचं म्हणून करतेय. सगळं खरं. पण कान काही गार होईनात.

रविवारी ॲथल बारा दिवसांसाठी होबार्टला गेला. तिथल्या केंद्रात त्याला पांढरी काठी घेऊन चालायला, चहा न सांडता ओतायला, शर्टाचे रंग बोटांनी ओळखायला शिकवणार होते. जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाला, "घर सांभाळ." हे तो नेहमीच म्हणायचा, दूध आणायला निघाला तरी. पण त्या दिवशी तो हे जरा जास्तच जपून म्हणाला असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी तो परत येणार होता. सोमवारी सकाळी तिने बादलीत गरम पाणी घेतलं, रंगाच्या दुकानातली साबणपूड टाकली, गुडघ्याखाली उशी घेतली आणि पुढच्या दारापासून सुरुवात केली. आधी धुवायचं, मग घासायचं, मग भोकं भरायची, मग अस्तर, मग रंग. हा क्रम तिला कुणी शिकवला नव्हता. पॉलिशवाल्याच्या बायकोला तो आपसूक येतो. फडकं पिळलं की पाणी काळपट यायचं. मेण, तेल, लाकडाच्या शेगडीचा धूर, स्वयंपाकघरातली वाफ, आणि तिने स्वतः चोळलेलं सगळं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन ती ही लाकडं पुसत आली होती. पाचशेच्या वर रविवार झाले असतील. ॲथल कामाहून निवृत्त झाल्यावर खुर्ची ओढून बसायचा आणि बघत राहायचा. एकदा फक्त म्हणाला होता, "तुझ्या हाताने बरं चकाकतं." त्या एका वाक्यावर तिने पुढचे शंभर रविवार काढले. आता तेच तेल तिच्या हाताने निघत होतं. बादली ओतली की नवं पाणी, नवी पूड. संध्याकाळी तिच्या बोटांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली झाली, आणि पाठ तर विचारायलाच नको. तिने टोस्टवर अंडं घालून खाल्लं, रेडिओवर फुटबॉलवाल्यांची भांडणं ऐकली आणि खुर्चीतच झोपली.

मंगळवारी तिने घासायला घेतलं. वॉर्निशला रंग धरत नाही. त्याची चकाकी आधी मारावी लागते, नाहीतर वरचा रंग महिन्याभरात साल सुटल्यासारखा निघून येतो. ती पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत होती, कारण खाली कुठंतरी जुन्या रंगातलं शिसं उरलं असणार हे तिला माहीत होतं आणि त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नव्हती. तोंडाला फडकं, खाली जुन्या चादरी, खिडक्या सताड उघड्या. इकडचा मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, त्याचा गारठा बोळात फिरत होता. खोऱ्यात धूर साचला होता आणि दुपारपर्यंत पलीकडची टेकडी दिसत नव्हती. सपाट भाग सोपा होता. दहा वेळा पेपर फिरवला की चकाकी जाऊन लाकूड आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं निस्तेज व्हायचं. अवघड होत्या त्या पट्ट्यांवरच्या खोबणी. तिथं पेपर दुमडून, नखाने दाबून घासावा लागे. तिसऱ्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, स्टुलावर उभी राहून घासताना खोबणीतलं तपकिरी निघालं आणि आतून साईचा रंग बाहेर आला. मोहरीच्या दाण्याएवढा. नोलीन स्टुलावरच थांबली.

हा रंग तिच्या ओळखीचा होता. अठ्ठ्याहत्तर साली ते हे घर बघायला आले तेव्हा बोळातली सगळी लाकडं या रंगाची होती. पाच दारांच्या चौकटी, खालच्या फळ्या, तसबिरी टांगायची वरची पट्टी, सगळं साईसारखं पांढरं. दुपारचं ऊन मागच्या दारातून येऊन पुढच्या दारापर्यंत पोचलं होतं. नोलीनला सातवा लागला होता. तिचं बालपण डेलोरेनजवळच्या शेतावर, काळ्या पडलेल्या लाकडाच्या घरात गेलं होतं. तिथं दिवसाही दिवा लावून बटाटे सोलायचे. त्या पांढऱ्या बोळात उभी राहून तिने पोटावर हात ठेवला आणि ठरवलं, हेच. ॲथलने मात्र खिशातून चाकू काढला, चौकटीच्या मागच्या बाजूला एक टवका उडवला आणि शिट्टी वाजवली. "कोण गाढव होता रे, लाकडाला चुना फासणारा?" तो त्या वेळी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला होता. त्याच्या दृष्टीने लाकडावर रंग लावणं हे माणसाचं तोंड झाकण्यासारखं होतं. घर घेतलं. बाळंतपणाला ती आईकडे गेली. ब्लो-लॅम्पच्या आगीने रंग जाळून खरवडायचा होता आणि त्या धुरात पोटुशी बाई नको म्हणून त्यानेच तिला आधी पाठवलं. अडीच महिन्यांनी ती जिलला दुपट्यात गुंडाळून परत आली. त्याने दार उघडलं, दिवा लावला आणि बाजूला झाला.

सगळं तपकिरी होतं. गडद, चकचकीत, देखणं. त्याचं काम देखणंच असायचं, त्याबद्दल कुणी शब्द काढू शकत नव्हतं. त्याचे हात कोपरापर्यंत भाजलेले, नखं काळी, डोळे लाल. अडीच महिने कारखान्यातून आल्यावर रोज सहा तास राबला होता. आणि ऊन मागच्या दारापाशीच थांबलं होतं, बोळात शिरायला तयार नव्हतं. नोलीनला रडू आलं. बाळंतिणीला रडू येतंच, म्हणून ॲथलने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

दोन शब्द. त्यांच्यावर त्रेचाळीस वर्षं उभी राहिली. ती काही वाईट वर्षं नव्हती. ॲथल दारू प्यायचा नाही, हात उचलायचा नाही, शनिवारी शिंपल्यांचं सारण भरलेली भट्टीतली पाई घेऊन यायचा आणि मोठा तुकडा तिला द्यायचा. अशा माणसाला घराच्या रंगावरून काय बोलायचं? आधी तो दमलाय म्हणून नाही बोलली. मग जिल लहान होती. मग रविवारचं पुसणं सुरू झालं, आणि एकदा पुसायला लागलं की आता मला हे आवडत नाही असं म्हणायला तोंड राहत नाही. शेजारची आयव्ही एकदा बोळात येऊन म्हणाली होती, "अगं, इथं काय कुणी गेलंय का?" दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. ॲथल घरात नव्हता म्हणून. नंतर नोलीनला वाटलं, आपण नवऱ्याला फसवलं. हसण्यानेसुद्धा फसवता येतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. घासणं संपेना. खालची फळी घासायला तिला कुशीवर आडवं व्हावं लागे आणि एकदा आडवं झालं की उठायचं कशाला हा प्रश्न पडे. ती तशीच पडून राही, गाल चादरीवर, आणि फळीकडे इतक्या जवळून बघे की रेषा हलायला लागत. लाकूड सुंदर होतं, हे आता म्हणायला तिला काही जड जात नव्हतं. वॉर्निश उतरलं तशी तिची त्या लाकडावरची अढीही थोडी उतरली होती. मग मी हे का करतेय? त्याच्या डोळ्यांसाठी. बरं. आणि शॉनाने सांगितलं असतं की आहे त्याहून काळं करा, तर केलं असतं? केलं असतं. एवढ्या आनंदाने? माणसाचे डोळे जाण्याची वाट बघत होते की काय मी? असला विचार आला की ती धडपडून उठे आणि पेपर घेऊन जोरात घासायला लागे, इतकं जोरात की कडेला कोरं लाकूड निघे. थकवा अंगात होता तसा या विचारातही होता. तोच विचार किती वेळा घासायचा?

शनिवारी सकाळी तिने खिळ्यांच्या भोकांत पुट्टी भरली आणि ती सुकल्यावर कपाटातून आपला एक नायलॉनचा लांब मोजा काढला. आता असले मोजे ती वापरत नव्हती. एक जोडी अंत्यसंस्कारांसाठी ठेवलेली. हात आत घातला आणि चौकटीवरून खालून वर फिरवला. जिथं लाकूड खरखरीत असेल तिथं मोजा अडतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही, मोज्याला कळतं. ही युक्ती ॲथलची. लग्नाआधी तो तिला कारखाना दाखवायला घेऊन गेला होता. अर्धवट झालेल्या एका टेबलापाशी थांबून त्याने गंभीरपणे विचारलं, "तुझा एक मोजा काढून देतेस?" तिने त्याच्या थोबाडीतच दिली असती, पण त्याच्या चेहऱ्यावर टेबलाशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने पिंपामागे जाऊन मोजा काढून दिला. त्याने तो हातात घालून टेबल चाचपलं, तीन जागा शोधल्या आणि मोजा फाडून परत दिला. त्या दिवशी एका पायात मोजा घालून घरी जाताना तिने ठरवलं होतं की या माणसाशीच लग्न करायचं. आता मोजा कुठं अडत नव्हता. ती खूश झाली. दुपारी तिने पांढऱ्या अस्तराचा डबा उघडला. पाण्याने ब्रश धुता येईल असा, वास न येणारा, हल्लीच्या पद्धतीचा. स्वयंपाकघराच्या चौकटीला पहिला हात मारला. पांढरं उठलं. इतकं उठलं की मागचं दार उघडल्यासारखं वाटलं. ब्रश हातात धरून ती हसली, एकटीच, आणि या वेळी कानांकडे तिने लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती बोळात आली आणि तिथंच थबकली. चौकट पांढरी राहिली नव्हती. जिथं जिथं तिने जोरात घासून वॉर्निश पार उडवलं होतं, तिथून तपकिरी वर आलं होतं. ओघळ, डाग, कडेने खाली उतरलेल्या रेषा. घर आतून रडल्यासारखं दिसत होतं. तिने आणखी एक हात मारला. दुपारी तो सुकला आणि त्यातूनही तपकिरी आलं, थोडं पिवळट होऊन. तिने तिसरा मारला नाही. ती स्टुलावर बसून राहिली. पाच चौकटी घासून पडल्या होत्या. ना पॉलिश, ना रंग. पाच दिवसांत ॲथल येणार होता.

सोमवारी ती रंगाच्या दुकानात गेली, गल्ल्यावर केल होता. शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हा तिच्या वेण्या बांधून ठेवायचा. आता त्याचेच केस बांधण्याइतके उरले नव्हते.

"काय गं नोलीन, ॲथलच्या लाकडाला हात लावलास? आणि जिवंत आहेस?" तो म्हणाला.

"तो होबार्टला आहे. गंमत पुरे, उपाय सांग."

"खाली काय लावलंय त्याने? तेलाचा रंग, स्पिरिटचा की पाण्याचा? तिन्हींना उपाय वेगळा. चुकीचं लावलंस तर आणखी वर येईल." त्याने गल्ल्यावर कोपर टेकलं. "ते पॉलिशवाले आपापली कालवणं घरी करायचे, कुणाला सांगायचे नाहीत. ज्याने लावलं त्यालाच विचार, बाई."

ज्याने लावलं त्याला. ती घरी आली, फोनसमोर बसली, उठली, कोरडी झालेली चादर झटकली, परत बसली. न विचारता करता येण्यासारखं काय होतं? सगळं खरवडून काढायला महिना लागला असता. तसंच ठेवलं तर शुक्रवारी तो बोटांनीच ओळखेल, बोटं काही आंधळी झाली नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे, दार त्याला दिसणार नाही, तो त्याच चौकटीवर आपटेल, आणि मग ती नदीपलीकडची इमारत. नोलीनने केंद्राचा नंबर फिरवला. बराच वेळ कुणीतरी त्याला शोधत होतं. मग काठीचा आवाज आणि तो.

"कोण, नोली? काय झालं, घर जाळलंस की काय?"

"नाही जाळलं. बरा आहेस ना?"

"इथं मला बटाटे सोलायला शिकवतायत. पंचाहत्तर वर्षांचा घोडा, बटाटे सोलतोय!"

"घरी जन्मात एक सोलला नाहीस. त्या बाईचा सत्कारच करायला हवा." ती हसली. "ॲथल, एक विचारायचं होतं. बोळातल्या चौकटींना वॉर्निशखाली तू काय लावलंयस?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी लांबून हसलं.

"का?" ॲथलने विचारलं.

"तपकिरी वर येतंय."

"कशातून वर येतंय?"

खोटं अगदी तोंडाशी तयार होतं. ओल आलीय म्हणाली असती, नळ फुटला म्हणाली असती. पण ती फार दमली होती.

"पांढऱ्यातून," ती म्हणाली.

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, नाकातून येणारा, लाकूड न्याहाळताना यायचा तसा.

"पाण्याचं अस्तर लावलंस," तो शेवटी म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"पाण्याचं! इतकी वर्षं माझ्या घरात राहून पाण्याचं लावलंस. बावळट कुठली." त्याचा आवाज चढला आणि तसाच उतरला. "खाली खडे आहेत. अक्रोडी रंगाचे खडे, गरम पाण्यात विरघळवलेले. त्यांना पाणी दाखवलं की ते जागे होणारच. शंभर हात मार, थांबायचे नाहीत."

"मग काय करू?"

बोळातल्या निस्तेज चौकटींकडे बघत ती वाट बघत राहिली. तो नुसता फोन ठेवू शकला असता.

"लाख," तो म्हणाला. "लाखेचे दोन हात. शेडमध्ये वरच्या फळीवर, डावीकडे, कॉफीच्या डब्यात लाखेचा चपडा आहे. मेण काढलेला, गेल्या वर्षीचाच आहे, चांगला आहे. खाली स्पिरिटचा कॅन. आज भिजत घाल, दिवसभर हलवत राहा, उद्या गाळून घे. पहिला हात पातळ. एकदा ब्रश फिरला की त्याच जागी परत फिरवायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. तू परत फिरवतेस, मला माहितीय. अर्ध्या दिवसाने दुसरा हात. त्यावर मग काय तुझं पांढरं लावायचं ते लाव. आणि खिडक्या उघड्या ठेव, नाहीतर झिंगून पडशील."

"ॲथल..."

"बटाटे गार होतायत," तो म्हणाला आणि फोन ठेवला. सोललेले कच्चे बटाटे गार कसे होतात, ते तिने विचारलं नाही.

शेडमध्ये सगळं होतं तिथंच होतं. डोळे जायला लागल्यापासून त्याने प्रत्येक डब्याला वेगवेगळ्या गाठींची सुतळी बांधली होती, बोटांनी ओळखता यावा म्हणून. कॉफीच्या डब्याला तीन गाठी. आत मधाच्या रंगाचे पातळ तुकडे. गेल्या वर्षीचा. म्हणजे दिसेनासं झाल्यावरचा. कुणाला सांगून, कधी मागवला असेल? आणि कशासाठी? बहुतेक स्वयंपाकघराच्या चौकटीला त्याच्याच खांद्याने पडलेले ओरखडे झाकायला. तिने डबा छातीशी धरला आणि तिथं, लाकडाच्या भुश्यात उभी राहून ती रडली. बाळंतपणानंतर रडली होती त्याच घरासाठी, फक्त या वेळी त्याच्या बाजूने. मग नाक पुसलं आणि चपडा भिजत घातला. मंगळवारी गाळला, बुधवारी सकाळी पहिला हात, दुपारी दुसरा. एकदाच ब्रश फिरवायचा. तिचा हात शिवशिवला, तिने तो आवरला. तपकिरी आतच राहिलं, काचेमागं राहावं तसं, शांत. गुरुवारी वर पांढरं बसलं. तिला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. ऊन बोळात शिरलं होतं, पुढच्या दारापर्यंत पोचलं होतं, आणि ती खुर्चीत बसून नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

शुक्रवारी अडीच वाजता गाडी थांबली. ॲथल काठी टेकत पायऱ्या चढला. काठी नवी होती आणि तो ती कुणा परक्याची असल्यासारखी धरत होता. दारात त्याने नाक वर केलं. "लाख बरी लागलीय," तो म्हणाला. बस्स, एवढंच. मग बोळातून चालायला लागला. नोलीन मागे राहिली. तिने दोन्ही हात ॲप्रनमध्ये गुंडाळून घेतले होते, पुढे होऊन त्याला धरू नये म्हणून. स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथं प्रत्येक वेळी उजवा खांदा आपटायचा, तिथं तो थांबला. शिकवलं होतं तसं मान किंचित वळवली, डोळ्याच्या कडेने बघितलं. आणि सरळ आत गेला. चौकटीला बाहीसुद्धा लागली नाही. आतून त्याने टेबलाला हात लावल्याचा आवाज आला, खुर्चीचा आवाज आला. नोलीनने ॲप्रनमधून हात बाहेर काढले. आता तो घरी राहील.

पण तो बसला नव्हता. परत दारात आला. "नोली, तुझा एक मोजा आण."

तिने आणून दिला. तो हातात घालून त्याने चौकट खालून वर, हळूहळू चाचपली, पट्टीवरून, खोबणीतून, डोक्याएवढ्या उंचीपर्यंत. छातीच्या उंचीला मोजा अडला.

"इथं अडतंय."

"आणते पेपर, घासून टाकते."

"राहू दे. स्वयंपाकघराचं दार हे, एवढं कळेल मला." त्याने मोजा काढला आणि नीट घडी घालत राहिला. मग म्हणाला, "जिलला घेऊन आलीस त्या दिवशी. तू म्हणालीस, छान झालंय."

"म्हणाले."

"नव्हतं ना झालं?"

उत्तरं पुष्कळ होती. शॉनाने सांगितलं म्हणून, तुझ्या डोळ्यांसाठी म्हणून, तू पडू नयेस म्हणून. ती सगळी खरी होती आणि त्यातलं एकही या प्रश्नाचं नव्हतं.

"नाही," नोलीन म्हणाली. "मला ते पांढरंच हवं होतं. पहिल्या दिवसापासून."

त्याने मान तिच्याकडे वळवली, मग थोडी बाजूला, तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी, कारण माणूस बघायचं तर आता त्याला माणसाच्या शेजारी बघावं लागत होतं.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस गं," ॲथल म्हणाला. "तेव्हा मला दिसत होतं."